चाळीस गॅलन जास्तीचे

मार्चमध्ये मागवलेली टाकी जूनमध्ये आली.
मधल्या मे महिन्यात पेयो गेला.
खोकं गॅरेजच्या दारात उतरवून घेतलं
आणि मायतेला फोन केला : परत पाठवू का?
थोडे पैसे कापतील, पण घेतील.
ती म्हणाली, वेंडल,
ईली काही जवळ सरकलेलं नाही.

टोनोपा ते ईली एकशे अडुसष्ट मैल.
वाटेत पंप नाही.
खिंडी आहेत, मिठाची कोरडी तळी,
गोळ्या झाडून चाळण केलेली एक पाटी.
गेल्या हिवाळ्यात डायलिसिसहून परतताना
समोरच्या वाऱ्यानं सगळं डिझेल पिऊन टाकलं,
आणि ही दोघं भावंडं चार तास एका घोंगडीत.
पेयो बास्कमध्ये बापाच्या मेंढ्यांची नावं घेत होता.
मेंढ्यांना कसली नावं, मायते म्हणते,
जागं राहायला रचत होता तो.

तर टाकी.
काळी, केबिनच्या पाठीला टेकून बसणारी.
रिकामी होती तोवर आम्ही दोघांनी उचलली,
भरल्यावर कुणाच्या बापाला हलायची नाही.
खाली रबराच्या पट्ट्या, कोपऱ्यांवर खडूच्या खुणा.
तिनं ड्रिल हातात घेतलं.
थांब, म्हटलं, आधी खालून बघू.

पाठीवर सरकत गेलो गाडीखाली, तोंडात टॉर्च.
तिसऱ्या खुणेच्या बरोबर खाली ब्रेकचा पाइप,
आणि तो पाइप चौकटीला बांधलेला
कुंपणाच्या तारेनं,
तीन वेढे, टोक आत दुमडलेलं,
कुणाचा हात ओरबाडू नये म्हणून.
मायतेही आत सरकली, शेजारी पडून राहिली.
आयता, म्हणाली. म्हणजे बाबा.
नवा क्लॅम्प अडीच डॉलरला मिळतो, मी म्हणालो.
असू दे, ती म्हणाली. खूण दोन इंच मागे घे.

दोन इंच मागे घेतली.
भोकं पाडली, कीस झाडला,
उघड्या पडलेल्या कडांना रंग लावला,
नाहीतर गंज तिथूनच घुसतो.
मग डिझेल भरायच्या तोंडाखालचा रबरी पाइप,
वीस वर्षांचा, धड शाबूत,
तो कापायचा.
इथं सगळ्यांचाच हात थबकतो. तिचा थबकला नाही.
मधे टी, टीच्या तिन्ही अंगांना क्लॅम्प,
वर एक झडप, खालची टाकी भरली की मिटणारी.
पंप नाही, वायर नाही.
वरचं खाली जातं, एवढंच यंत्र.

पहिले पाच गॅलन कॅनमधून ओतले,
गाडीखाली पुठ्ठा पसरला
आणि बिअर घेऊन बसलो.
तिनं पेयोबद्दल काही काढलं नाही,
लोकरीच्या भावाला शिव्या घातल्या,
माझ्या कुत्र्याच्या कानातलं गवताचं कुसळ काढलं.
तासाभरानं पुठ्ठ्यावर एक ठिपका, रुपयाएवढा नाही, मसुराएवढा.
मधला क्लॅम्प अर्धा आटा आवळला.
दुसरा ठिपका पडला नाही.

गुरुवारी ती ईलीला गेली. कशाला, मी विचारलं नाही.
दुपारी तिथून फोन :
वेंडल, काटा बिघडलाय.
इथवर आले तरी भरलेलीच दाखवतोय.

बिघडला नाही, मी म्हणालो, त्याला खालचीच टाकी कळते.
मागची रिकामी होईपर्यंत
पुढची भरलेलीच दिसणार.

पलीकडे ट्रक गेल्याचा आवाज,
कुणीतरी दार आपटलं.
बराच वेळ नुसता वारा.

म्हणजे उतरत असतं, ती म्हणाली,
आणि दिसत नाही.

हो.

चार तास हसवत होता मला, ती म्हणाली.
एका मेंढीचं नाव त्यानं वेंडल ठेवलं होतं.

मला काय बोलावं सुचेना.
म्हटलं, पाचशे मैल झाले की ये,
क्लॅम्प पुन्हा आवळावे लागतात. नवं रबर बसतं.